नीडल फेल्टिंगची खार फसलीये, नक्की कुठे बिनसलं ते शोधायला मदत करा

रिकामटेकडी
मंडळी, इथे नीडल फेल्टिंग करणारं कोणी आहे का? विणकाम, क्रोशा यांचे धागे ढिगाने सापडले पण लोकर सुईने टोचून टोचून प्राणी करण्यावर काहीच दिसलं नाही म्हणून नवीन धागा काढतेय.

खार करायला घेतली होती. मागच्या पायांवर बसलेली, पुढचे पाय छातीशी, पाठीवर पट्टे, शेपटी वर. झाली पूर्ण, पण बघवत नाही. "पहिलीच आहे ना, छान झालीये" हे घरात ऐकून झालंय, ते इथे नको, मला कारणं हवीयेत.

तर तक्रारी अशा की अंग दाबलं की आत जातं आणि सावकाश वर येतं, मान डुगडुगते, पाठीवरच्या पांढऱ्या पट्ट्यांच्या कडा फिसकटल्यात आणि जिथे पांढरं अजिबात नको तिथे, म्हणजे करड्या पोटावर, आतली पांढरी लोकर ठिपक्याठिपक्यांनी बाहेर आलीये. अंगभर सुईची भोकं दिसतात. पुढचा एक पाय सहज ओढला तर हातात आला. आणि चेहरा खारीचा नाही, कुणाचा आहे तेही सांगता येत नाही.

सामान म्हणाल तर मेरिनो लोकर (आत पांढरी, वर करडी, ती लांबच लांब पेडासारखी मिळते ना ती), फक्त ३८ नंबरच्या सुया, सगळं काम त्यांनीच केलं, आणि खाली फोमचा ठोकळा.

कापूसकोंड्या
मुंगूस म्हणून खपवा आणि मोकळ्या व्हा :)
पट्ट्यांचं कोणी विचारलंच तर कलाकाराचं स्वातंत्र्य. फोटो टाका की पण.

रिकामटेकडी
फोटो टाकला तर ॲडमिन धागा विनोदी विभागात हलवतील.

सुईवाली
करणारी आहे मी इथे, बरीच वर्षं करतेय.

तुमच्या यादीतल्या निम्म्या तरी तक्रारी वेगवेगळ्या नाहीत हो, एकच आहे. आतला गाभा घट्ट झालेला नाही. मान डुगडुगणं, भोकं दिसणं, पाय निघणं हे सगळं त्याच्यातूनच येतं. सुरुवातीला लोकरीचा सैलसर गोळा घ्यायचा आणि वरवर टोचत सुटायचं असं झालं की बाहेर एक कडक साल तयार होते आणि आत सगळं भुसभुशीत राहतं, आणि एकदा साल धरली की नंतर कितीही टोचा, जोर सगळा त्या सालीतच जिरतो. बारीक कामाला बसण्याआधी अंगठा आणि बोटात धरून दाबून बघायचं, जेमतेम दबलं आणि हात काढताच परत आलं तरच पुढे जायचं. तुम्ही म्हणताय तसं सावकाश वर येत असेल तर नाही झालेलं ते.

पण हा माझा अंदाज झाला. खात्री करायची तर खार मधोमध उभी कापा. खरंच सांगतेय. फसलेला नग नुसता कपाटात ठेवून काही कळत नाही, कापल्यावर सगळं दिसतं.

रिकामटेकडी
कापू??? डोळे लावलेत हो तिला. माझ्याच्यानं नाही होणार.

अर्धा_मोजा
सुईवालींचं बरोबर आहे पण लोकरीबद्दल कोणीच बोललं नाही अजून. मेरिनोचे पेड म्हणजे विंचरलेली लोकर, सगळे तंतू लांब आणि एका दिशेने आणि भयंकर मऊ. ती साबणपाण्याच्या फेल्टिंगला झकास, स्कार्फ वगैरे करायला. सुईच्या कामाला, त्यातून अंग भरायला, पिंजलेली लोकर पाहिजे, ज्यात तंतू आखूड आणि आडवेतिडवे असतात, ते एकमेकांत पटकन अडकतात. मेरिनोचा तंतू साधारण १८ ते २४ मायक्रॉन जाडीचा, कॉरिडेल या दुसऱ्या जातीच्या मेंढीचा २५ ते ३० च्या आसपास. मी स्वतः मेरिनोवर महिनेच्या महिने घालवलेत आणि पिंजलेली भरड लोकर हातात आल्यावर एका संध्याकाळी कळलं की दोष हाताचा नव्हताच. माझ्या मते इथे ८० टक्के दोष लोकरीचा.

सुईवाली
@अर्धा_मोजा, अहो ८० टक्के नका म्हणू. मेरिनोनेही घट्ट होतं, वेळ जास्त लागतो आणि भोकं जास्त दिसतात, मान्य. पण लोकर बदलली आणि सवय तीच राहिली तर भरड लोकरीचीसुद्धा सालच होणार, फक्त जरा लवकर होईल. पेड हातात आला तर तो आधी बोटांनी तोडून तोडून, उलटसुलट ठेवून, मग घट्ट गुंडाळून सुरुवात करायची. गुंडाळताना जितकं घट्ट तितकं टोचणं कमी. आणि सैल पुंजका टोचून होईपर्यंत तिसरा हिस्सासुद्धा उरत नाही, हे गणित नवीन माणसाला कोणी सांगत नाही, म्हणून मग घाईघाईत वरून भर घालत बसायला लागतं.

अर्धा_मोजा
बरं, ६० टक्के. त्याखाली येणार नाही मी.

यंत्रमाग
मी बाहुल्या वगैरे करत नाही पण पोट या सुयांवरच भरतं म्हणून लिहितो. ही सुई मुळात हातात धरायची नाहीच. नॉनवोव्हन, म्हणजे न विणता तंतू एकमेकांत अडकवून कापड करणाऱ्या मशीनच्या पाट्यांवर अशा हजारो सुया एकत्र बसवलेल्या असतात आणि त्या तंतूंच्या थरातून वरखाली होतात, हौशी लोकांनी तीच सुई उचलली. तिचं पातं बहुतेक तीन कडांचं असतं, काहींचं चार कडांचं, आणि कडांवर खाली तोंड केलेल्या खाचा असतात. आत जाताना खाच तंतू पकडून खाली नेते, वर येताना सोडून देते. एवढंच तिचं काम. उलट्या खाचांचीही सुई येते, ती आतला तंतू बाहेर ओढते.

इथे दोन गोष्टी ध्यानात घ्या. एक म्हणजे पहिली खाच अगदी टोकाला नसते, जरा वर असते, तेव्हा सुई टेकवल्यासारखी टोचली तर एकही तंतू न हलवता नुसती भोकं पडतात. दुसरं, सुई जितकी खोल जाईल तितका तंतूही खोल जातो, आणि पलीकडून टोक बाहेर आलं तर आतला तंतू पलीकडे बाहेर येतो. तुमच्या पोटावरच्या ठिपक्यांचं उत्तर मला यातच दिसतंय.

नंबर म्हणजे जाडी, आकडा वाढला की सुई बारीक. ३६ जाड, ३८ मधली, ४० आणि ४२ बारीक.

आणि कापणार असाल तर आधी खारीवरून चांगलं जोरदार लोहचुंबक फिरवा. तुटलेलं टोक आत असेल तर सुई पोलादी आहे, ओढ जाणवते. ब्लेड त्यावर आपटून घसरलं तर बोट जाईल.

उचापत्या
शवविच्छेदनाच्या तयारीत गुंतलेल्या सर्व डॉक्टरांना नमस्कार. मला एक कळत नाही, छंद आहे ना हा? दिवसभर ऑफिसात चुका शोधायच्या आणि घरी येऊन खारीच्या पोटात चुका शोधायच्या. नाही जमली तर नाही जमली, दुसरी करायची, हात आपोआप बसतो.

रिकामटेकडी
@उचापत्या, आपोआप बसणारा हात कुठे मिळतो ते सांगा, दोन घेते. तीच सवय घेऊन दुसरी खार केली तर मी दुसरी फसलेली खारच करणार ना. मजा येत नाहीये असं नाही, उलट टोचत बसलं की डोकं शांत होतं, फक्त शेवटी जे हातात येतं त्याने परत तापतं.

@यंत्रमाग, लोहचुंबकाचं बरं सांगितलंत, माझी एक सुई तुटली होती आणि टोक सापडलं नव्हतं. आता कापावंच लागणार असं दिसतंय.

सुईवाली
सुई का तुटते तेही सांगून ठेवते. ज्या कोनात आत गेली त्याच कोनात बाहेर आली पाहिजे. आत असताना मनगट वळवलं, किंवा सुईनेच आकार ढकलायला गेलं की कडकन जाते. टोक सापडेपर्यंत तो नग लहान मुलांच्या हातात द्यायचा नाही.

रिकामटेकडी
कापली. सविस्तर लिहितेय कारण बघून मीच चाट पडले.

लोहचुंबक फिरवलं तर मागच्या मांडीपाशी किंचित ओढ लागली, तिथे बोटांनी लोकर फाकवली तर सुईचं टोक मिळालं, नखाएवढंसुद्धा नाही. मग नव्या ब्लेडने नाकापासून शेपटीच्या बुडापर्यंत उभी कापली.

बाहेर चार-पाच मिलिमीटरची साल आहे, ती इतकी घट्ट की ब्लेड अडकत होतं. करडे तंतू बारीक रेघांसारखे आत उतरलेत आणि सगळे जवळपास एकाच खोलीला थांबलेत, म्हणजे माझा हात पूर्ण वेळ तेवढाच आत जात होता. त्याच्या आत मेरिनो जशी गुंडाळली होती तशीच्या तशी, घड्यासुद्धा शाबूत, चमकतेय, बोटाने ओढली तर अख्खा पुंजका निघून आला. तिथपर्यंत सुई पोचलेलीच नाही.

मानेत तर चक्क फट आहे. डोकं वेगळं करून खालून छान सपाट घट्ट केलं होतं, धडही वरून घट्ट केलं होतं, आणि मग एकावर एक ठेवून टोचत बसले. दोन्हीकडे साल, मधे नुसती हवा, कडेने थोडे तंतू धरून ठेवलेत म्हणून इतके दिवस राहिलं.

पण खरी गंमत पट्ट्यांची. अर्धी खार उलटी करून पोट बघितलं तर पांढरे ठिपके इकडेतिकडे नाहीत, रांगेत आहेत! पाठीवर जिथे पट्टा आहे त्याच्या बरोब्बर समोर, आणि कापलेल्या भागात पाठीपासून पोटापर्यंत आरपार गेलेल्या सरळ रेघा दिसतात. म्हणजे अंग भरताना हात खोल जात नव्हता आणि पट्टे बसेनात म्हणून चिडून टोचले तेव्हा आरपार गेला. पाठीवर पट्टे काढत होते आणि पोटावर ठिपके उमटत होते. पट्टे आणि ठिपके मी दोन वेगळ्या तक्रारी म्हणून लिहिले होते.

यंत्रमाग
वा. ही रांगेची गोष्ट न कापता कधीच दिसली नसती.

कापूसकोंड्या
मुंगूस मागे घेतो. एवढ्या रिपोर्टनंतर तिला खार म्हणायलाच पाहिजे.

सुईवाली
फार छान लिहिलंत. आता क्रम उलटा करा म्हणजे झालं. आधी ३६ ने खोल, मधोमध पोचेल असं, सगळ्या बाजूंनी फिरवत फिरवत. फोमवर एकाच जागी ठेवून टोचलं तर तळ फोमला चिकटतो आणि सोडवताना फोमचे कण लोकरीत येतात, म्हणून दर थोड्या वेळाने उचलून कुशीवर वळवायचं. मग ३८ ने आकार, नाक, मांडी, पाठीचा बाक. रंगाचा थर चढवला की तिथून पुढे खोल जाणं बंद, ४० ने तिरपं तिरपं, वरच्या वर. पट्ट्यासाठी लोकरीची अगदी पातळ बट दोन बोटांत वळून दोरी करायची, एका टोकाला रोवायची, आणि आधी दोन्ही कडा टोचून मग मधला भाग. कडा आधी घेतल्या की फिसकटत नाहीत.

सांध्यांचं म्हणाल तर पायाचं जे टोक अंगाला लागणार ते टोचायचंच नाही, झुपक्यासारखं मोकळं सोडायचं. अंगावरही तेवढी जागा जरा मऊ ठेवायची. झुपका पसरून अंगावर टेकवायचा, जाड सुईने खोल आतपर्यंत न्यायचा, मग सांध्यावर पातळ बट गुंडाळून झाकायचं. मानेलाही हेच. आणि मान बारीक हवी असेल तर आत तार घाला सरळ, पाईप क्लीनर चालतो, त्याच्या लवीला लोकर धरते. गुळगुळीत तारेवर लोकर घसरून गोल फिरत बसते.

तिसरी_मिती
मी मातीकामवाली, नीडल फेल्टिंग थोडंसंच केलंय, पण चेहऱ्याबद्दल कोणी काही बोललंच नाही म्हणून लिहितेय.

चेहरा चुकतो तो बहुतेक वेळा डोळ्यांच्या जागेमुळे. खारीचे डोळे डोक्याच्या कडेला असतात, आणि आपण ते माणसासारखे समोर लावतो कारण आपल्याला तेच पाठ आहे. वरून बघितलं तर डोळे जरा बाहेर फुगलेले दिसले पाहिजेत. दुसरं म्हणजे मणी चपट्या पृष्ठभागावर चिकटवले की ते बटणं वाटतात. आधी खोबण टोचून खड्डा करायचा, डोळा बसवायचा आणि मग वरच्या पापणीसाठी लोकरीची एक बारीक रेघ. या रेघेने चेहऱ्याचा भावच बदलतो, विश्वास बसणार नाही इतका. आणि एकसारखं बघून बघून नजर मरते म्हणून नग आरशासमोर धरायचा, वाकडेपणा लगेच दिसतो. मोबाइलवर फोटो काढून उलटा करून बघितला तरी चालतं.

मातीत जास्तीचं कापून काढता येतं, इथे ती सोय नाही. भर घालणं सोपं, कमी करणं अवघड. म्हणून डोकं वाटतं त्याहून लहान सुरू करा.

अर्धा_मोजा
मेरिनो फेकू नका हं. शेपटीला तीच लागते, लांब आणि चमकदार. शेपटीच्या टोकाकडून सुरू करायचं, बट आडवी ठेवायची, मधोमध एक ओळ टोचायची, अर्धी बट दुमडून खाली घ्यायची आणि त्या ओळीवर परत टोचायचं, मग थोडं वर दुसरी बट, असं बुडापर्यंत. शेवटी कातरायचं. कातरताना मात्र हात आवरा, माझ्या एका लांडग्याची मी पार शेळी केली होती.

घेताना एक लक्षात ठेवा, लेबलवर सुपरवॉश लिहिलेली लोकर या कामाला नको. मशीनमध्ये धुताना आक्रसू नये म्हणून तिच्या तंतूंवरचे खवले मारून टाकलेले असतात.

यंत्रमाग
बरोबर, क्लोरीनची प्रक्रिया करून बहुतेक वेळा वर पॉलिमरचा पातळ थर देतात. पाण्यात ती फेल्ट होणार नाही. सुईने अडकते, कारण सुई ओढूनताणून कुठलाही तंतू अडकवते, आमच्या मशीनवर तर पॉलिस्टर चालतं. पण हाताने तिला तसा टणकपणा आणणं कठीण जाईल. ॲक्रिलिकचंही तेच.

रिकामटेकडी
अपडेट. पिंजलेली भरड लोकर आणली, ३६ आणि ४० च्या सुया आणल्या. खार लगेच सुरू केली नाही, आधी अंडाकृती धड एवढंच केलं आणि तेही कापलं (आता कापायची भीती गेलीये, घरचे जरा घाबरून आहेत). या वेळी मधोमध तंतू ओढून निघाला नाही, कडेला आणि मधे हाताला जवळजवळ सारखंच लागतंय, खालच्या बाजूला थोडं मऊ आहे, तिथे फिरवायला कमी पडले असणार. वेळ मात्र अंदाजापेक्षा कितीतरी कमी लागला, तेव्हा @अर्धा_मोजा तुमचे ६० टक्के मला मान्य.

भोकं अजून थोडी दिसतात. त्याचं काय करायचं?

सुईवाली
४० ने खूप जवळजवळ, अगदी उथळ, आणि सुई सरळ न धरता बरीच आडवी. तरी राहिली तर त्याच रंगाची लोकर कात्रीने बारीक चुरा करून भोकांवर भुरभुरायची आणि हलकेच टोचायची. वाफेची इस्त्री असेल तर अंतरावरून वाफ द्या, इस्त्री टेकवायची नाही. लव उभी राहिली तर छोट्या कातरीने काढा.

खालची बाजू मऊ राहते ती सगळ्यांचीच, तिच्यावर नग बसतो आणि आपण विसरतो.

उचापत्या
कबूल करायला हरकत नाही, हे सगळं वाचून मीही सामान मागवलंय. कापणार मात्र नाही.

कापूसकोंड्या
@उचापत्या, नग झाला की फोटो टाका, कापायचा की नाही ते आम्ही मतदानाने ठरवू.

नवशिकी
धागा आत्ताच वाचला, फारच उपयोगी. एक बाळबोध प्रश्न आहे. माझ्याकडे सुया आल्यात त्या सगळ्या एका डबीत सुट्या आहेत, काहींच्या डोक्याला रंग आहे, काहींच्या नाही. कुठली ३६ आणि कुठली ४० ते कसं ओळखायचं? रंग ठरलेले असतात का?

सुईवाली
नाही, रंग ज्याचा त्याचा. एका विक्रेत्याची निळी ३८ असेल तर दुसऱ्याची निळी ४० निघते, त्यामुळे पाकिटावर जे लिहिलंय तेच खरं धरा. पाकीट गेलं असेल तर एका घट्ट गोळ्यात एकेक सुई घालून बघा. जाड सुई जाताना जोर लागतो, करकर आवाज येतो आणि भोक मोठं राहतं, बारीक सुई सुळकन जाते. त्या हिशोबाने तीन ढीग करा आणि प्रत्येक ढिगाच्या डोक्याला वेगळं नेलपॉलिश लावून टाका. नवीन सुया आल्या की पाकीट उघडल्या उघडल्या, डबीत टाकायच्या आधीच नेलपॉलिश लावायचं. चार कडांची आणि तीन कडांची डोळ्यांनी ओळखायला जाऊ नका, भिंगाशिवाय दिसत नाही.

नवशिकी
धन्यवाद! आणि बोटांना ते चामड्याचे टोपण घालायचे की नाही?

सुईवाली
निदान पहिले काही दिवस घाला. खरी काळजी म्हणजे सुई चालू असताना नजर हातावरून हलवायची नाही, टीव्ही बघत तर अजिबात नाही. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते आठवत नसेल तर डॉक्टरांना विचारून घ्या.